एकाचे दोन दिसू लागले, तर ते डोहाळे नव्हेत

गरोदर बाईला उलट्या होऊ लागल्या की घरातली मोठी माणसे सहसा घाबरत नाहीत. ‘डोहाळे कडक लागलेत, चौथा लागला की थांबतील,’ असे म्हणून तिला धीर दिला जातो. बहुतेकींच्या बाबतीत हे खरेही ठरते. दर दहा गर्भवतींपैकी सात ते आठ जणींना मळमळ किंवा उलट्यांचा त्रास होतो. तो साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो, नवव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि सोळा ते वीस आठवड्यांपर्यंत बहुतेकींचा ओसरतो. आल्याचा तुकडा, थोडे थोडे खाणे, पुरेशी झोप आणि गरज पडली तर एखादी गोळी एवढ्यावर भागते.

काही जणींचे मात्र एवढ्यावर भागत नाही. शंभर गर्भवतींमध्ये साधारण एकीला, काही पाहण्यांनुसार दोघी-तिघींना, इतक्या उलट्या होतात की पाण्याचा घोटही टिकत नाही. वजन उतरते, लघवी कमी आणि गडद होते, रक्तातले सोडियम-पोटॅशियम खाली येते. गरोदरपणाआधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक वजन घटले, म्हणजे पन्नास किलोच्या बाईचे अडीच किलो गेले, तर ते साधे डोहाळे राहत नाहीत. वैद्यकशास्त्रात या आजाराला ‘हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम’ असे नाव आहे.

अशा बाईला उलट्या सुरू होऊन तीन-चार आठवडे झाल्यावर एखाद्या दिवशी समोरच्या भिंतीवरचे एक घड्याळ दोन दिसू लागते. अक्षरे हलल्यासारखी वाटतात. उठून चालताना पाय भलतीकडे पडतात. घरचे म्हणतात, ‘अंगात ताकदच नाही, मग असे होणारच.’ पण ही अशक्तपणाची खूण नाही. बिघाड डोळ्यांतही नसतो. मेंदूला ब-1 जीवनसत्त्व, म्हणजेच थायमिन, मिळेनासे झाले आहे, याचा तो इशारा असतो. त्याच दिवशी थायमिनची इंजेक्शने सुरू झाली तर बहुतेकींची नजर सुधारते. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते, चालणे बिघडते, बाळ गमावण्याची वेळ येते आणि क्वचित आईचाही जीव जातो.

हे औषध महाग नाही, नवे नाही आणि वापरायला अवघडही नाही. ते वेळेवर दिले जात नाही याचे मुख्य कारण ते वेळेवर कुणाला आठवत नाही, हे आहे. म्हणून लांबलेल्या उलट्या असलेल्या प्रत्येक गर्भवतीला ग्लुकोजचे सलाईन लावण्याआधी थायमिन मिळाले पाहिजे आणि तिच्या नजरेबद्दल तिला विचारले गेले पाहिजे. हे दोन्ही एखाद्या डॉक्टरच्या आठवणीवर न सोडता सर्वत्र नियम म्हणून व्हायला हवे.

सगळेच डोळ्यांचे त्रास सारखे नसतात

तीव्र उलट्यांमुळे डोळ्यांशी संबंधित चार-पाच वेगवेगळ्या तक्रारी उद्भवतात. त्यातल्या काही निरुपद्रवी असतात, तर काहींमध्ये एक दिवसही दवडता येत नाही. हा फरक घरच्यांना कळला तर अर्धे काम होते.

पहिली तक्रार डोळ्यांपुढे अंधारी येण्याची. अंगातले पाणी कमी झालेले असताना बाई एकदम उठून उभी राहिली की रक्तदाब घसरतो आणि काही क्षण काळोख होतो. आडवे झाले की तो जातो. हे शरीरातले पाणी कमी पडल्याचे लक्षण आहे. नजर शाबूत असते, पण सलाईनची गरज आहे का हे तपासून घ्यायला हवे.

दुसरी तक्रार दिसायला भयंकर आणि बहुधा अगदी साधी असते. जोराच्या उबळीने डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची बारीक रक्तवाहिनी फुटते आणि तिथे लालभडक डाग पडतो. आरशात पाहून बाई घाबरते. पण दुखत नसेल आणि नजर नेहमीसारखी असेल तर हा डाग एक-दोन आठवड्यांत आपोआप विरतो. त्यासाठी थेंब, शेक किंवा दुकानातून आणलेले मलम काहीही लागत नाही. असे डाग पुन्हा पुन्हा पडत असतील किंवा हिरड्यांतूनही रक्त येत असेल तर मात्र रक्ताची तपासणी हवी.

तिसरी तक्रार कमी आढळते. उबळीच्या जोरामुळे छातीतला आणि पोटातला दाब एकाएकी वाढतो, तो शिरांमधून डोळ्यापर्यंत पोहोचतो आणि आतल्या पडद्यावर रक्तस्राव होतो. अशा वेळी एका डोळ्यासमोर, बरोबर मध्यभागी, अचानक धुरकट किंवा काळपट डाग येतो. दुखत काहीच नाही, पण त्या डोळ्याने समोरच्याचा चेहरा दिसत नाही. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ थॉमस ड्युएन यांनी 1972 मध्ये या प्रकाराचे वर्णन केले. खोकला, शिंक, जड वजन उचलणे, बाळंतपणातल्या कळा यांमुळेही तो होतो. बहुतेकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत रक्त शोषले जाऊन नजर परत येते. तरीही पडद्याच्या इतर आजारांतही असेच दिसत असल्यामुळे नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करून तपासणी करून घेणे आवश्यक असते.

चौथी तक्रार उलट्यांमुळे होत नाही, उलट्यांच्या औषधामुळे होते. मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन यांसारखी औषधे घेतल्यावर काही तरुण स्त्रियांचे डोळे एकाएकी वर चढून तिथेच अडकतात, मान वाकडी होते, जबडा आवळतो. बाई शुद्धीत असते, तिला सगळे कळत असते, पण डोळे खाली आणता येत नाहीत. पाहणाऱ्यांना हे फिट आल्यासारखे किंवा ‘बाहेरचे काही’ लागल्यासारखे वाटते. खरे तर हा औषधाचा ज्ञात दुष्परिणाम आहे आणि प्रोमेथाझिनसारख्या औषधाच्या एका इंजेक्शनने तो बहुधा थोड्याच वेळात उतरतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2013 मध्ये मेटोक्लोप्रमाइडचा वापर पाच दिवसांपुरता मर्यादित ठेवण्याची शिफारस केली, त्यामागे असेच दुष्परिणाम होते. म्हणून दवाखान्यात नेताना आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

पाचवी तक्रार आधी सांगितली तीच: एकाचे दोन दिसणे, वस्तू थरथरल्यासारख्या दिसणे, डोळा बाहेरच्या बाजूला न वळणे. घरी करता येईल अशी एक साधी परीक्षा आहे. दोन दिसत असताना एक डोळा हाताने झाकावा. झाकल्याबरोबर एकच दिसू लागले तर दोन्ही डोळे एका रेषेत चालत नाहीत, म्हणजे ते फिरवणाऱ्या नसांत किंवा मेंदूत बिघाड आहे, असे समजावे. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात जाऊन उपयोग नाही. रुग्णालयच गाठले पाहिजे.

याखेरीज डोके सतत वाढत्या वेदनेने दुखत असेल, नजर धूसर होत असेल किंवा झटका आला असेल, तर मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी लागते. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि पाणी कमी पडले की धोका आणखी वाढतो. विसाव्या आठवड्यानंतर डोकेदुखीसह नजर धूसर झाली तर रक्तदाब लगेच मोजायला हवा. तो वेगळा आणि तितकाच गंभीर आजार असू शकतो.

ब-1 संपते तेव्हा

आपण खातो त्या भात-भाकरीचे रूपांतर शेवटी साखरेत होते आणि त्या साखरेपासून पेशींना ऊर्जा मिळते. या प्रक्रियेतल्या काही महत्त्वाच्या टप्प्यांवर थायमिन लागतेच. ते नसेल तर साखर असूनही पेशी उपाशी राहतात. मेंदू जवळजवळ पूर्णपणे साखरेवर चालतो, त्यामुळे त्याला पहिला फटका बसतो.

थायमिनचा शरीरातला साठा फार लहान असतो, जेमतेम 25 ते 30 मिलिग्रॅम. रोजची गरज दीड-दोन मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि गरोदरपणात ती वाढते. बाहेरून काहीच आले नाही तर दोन-तीन आठवड्यांत साठा तळाला जातो. ज्या बाईच्या पोटात महिनाभर अन्न टिकलेले नाही, तिचा हिशोब यावरून कुणालाही करता येईल.

मेंदूच्या मध्यभागी आणि मागच्या बाजूला, द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या कडेला, काही केंद्रे आहेत. डोळे फिरवणाऱ्या नसा तिथून निघतात, तोल सांभाळणारी यंत्रणा तिथेच आहे आणि जवळच स्मरणशक्तीशी संबंधित भाग आहेत. या भागाला ऊर्जा खूप लागते, म्हणून थायमिन कमी पडले की तोच आधी कोलमडतो. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस दुबळी झाली की दोन प्रतिमा आडव्या दिशेने वेगळ्या होतात. तोलाचे केंद्र बिघडले की डोळे स्थिर न राहता सारखे हेलकावे घेतात. त्यानंतर चाल बिघडते आणि गोंधळ सुरू होतो. बाई वार विसरते, विचारलेल्या प्रश्नाचे भलतेच उत्तर देते, नुसती झोपून राहते.

या आजाराला वर्निके एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. जर्मन डॉक्टर कार्ल वर्निके यांनी 1881 मध्ये तीन रुग्णांचे वर्णन केले. त्यातले दोघे दारूच्या आहारी गेलेले पुरुष होते. तिसरी होती एक तरुण स्त्री. सल्फ्युरिक ॲसिड प्यायल्यानंतर तिच्या जठराची वाट आक्रसली होती आणि तिला सतत उलट्या होत होत्या. तेव्हा जीवनसत्त्व हा शब्दही जन्माला आला नव्हता. पुढे हा आजार पाठ्यपुस्तकांत ‘दारुड्यांचा आजार’ म्हणून रुजला आणि त्या तिसऱ्या रुग्णाचा जवळजवळ विसर पडला. आजही पन्नाशीचा दारू पिणारा पुरुष अडखळत आला तर शिकाऊ डॉक्टरलाही थायमिन आठवते. तेविशीची, कधी थेंबही न घेतलेली गर्भवती तशीच अडखळत आली तर भल्याभल्यांना ते आठवत नाही.

शिवाय पुस्तकातली तिन्ही लक्षणे, म्हणजे डोळ्यांचा बिघाड, तोल जाणे आणि मानसिक गोंधळ, एकाच वेळी सगळ्यांत दिसत नाहीत. तिन्ही जमेपर्यंत थांबणारा डॉक्टर बहुतेकदा उशीरच करतो. एमआरआयमध्ये ठरावीक बदल दिसले तर निदान पक्के होते, पण एमआरआय नॉर्मल आला म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही. रक्तातले थायमिन मोजण्याची सोय मोजक्याच ठिकाणी असते आणि अहवालाला वेळ लागतो. म्हणून नियम असा आहे की शंका आली की उपचार सुरू करावेत, तपासण्या मागाहून होत राहतील.

बाटलीतली साखर

आपल्याकडे सलाईनच्या बाटलीवर लोकांचा मोठा विश्वास आहे. ‘ग्लुकोज चढवा म्हणजे ताकद येईल,’ असा आग्रह नातेवाईक धरतात आणि गल्लीतल्या दवाखान्यापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत तो बऱ्याचदा पुरवला जातो. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते. तिच्यापासून मिळणारी ऊर्जा फार तर एका पोळीएवढी. पण थायमिनचा साठा संपलेल्या बाईच्या शरीरात ही साखर गेली की ती वापरण्यासाठी उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते. काठावर उभी असलेली बाई मग काही तासांत किंवा दिवसांत पलीकडे ढकलली जाऊ शकते. ताकद यावी म्हणून दिलेली बाटलीच अशा रीतीने नजर आणि स्मृती हिरावण्याचे निमित्त ठरते.

यात ग्लुकोजचा दोष नाही, क्रमाचा दोष आहे. उलट्यांनी सुकलेल्या बाईला आधी मीठ-पाण्याची गरज असते. ती साधे सलाईन, म्हणजे नॉर्मल सलाईन, भागवते. रक्ताच्या अहवालाप्रमाणे त्यात पोटॅशियम दिले जाते. थायमिन दिल्यानंतर गरजेनुसार ग्लुकोज देता येते. ब्रिटनमधल्या प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: दीर्घकाळ उलट्या होऊन दाखल झालेल्या प्रत्येक गर्भवतीला थायमिन द्यावे आणि ग्लुकोजच्या आधी तर द्यावेच.

प्रतिबंधासाठी दिवसाला 100 मिलिग्रॅम पुरतात. आजाराची शंका असेल तर मात्र मात्रा कितीतरी पटीने मोठी लागते. 200 ते 500 मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, शिरेतून आणि सावकाश. गोळी तिथे चालत नाही, कारण उलटीतून ती बाहेर पडते आणि आतड्यातून थायमिन शोषले जाण्यालाही मर्यादा आहे. बाटलीत मिसळलेले पिवळे मल्टिव्हिटामिन म्हणजे थायमिन झाले, अशीही एक समजूत आहे. त्यातली मात्रा या आजाराच्या उपचाराला पुरेशी नसते. थायमिनचा परिणाम होण्यासाठी मॅग्नेशियमही लागते, तेही उलट्यांत कमी झालेले असते. म्हणून ते तपासून भरून काढावे लागते.

उपचार वेळेवर मिळाले तर डोळे सर्वांत आधी प्रतिसाद देतात. वळत नसलेला डोळा काही तासांत किंवा दिवसांत वळू लागतो. डोळ्यांचे हेलकावे आणि चाल सुधारायला आठवडे, कधी महिने लागतात. स्मरणशक्ती मात्र अनेकींची पूर्ण परत येत नाही. नवे काही लक्षात राहत नाही, सकाळी कोण भेटून गेले ते दुपारी आठवत नाही. ही अवस्था कोर्साकॉफ या रशियन डॉक्टरच्या नावाने ओळखली जाते. प्रसिद्ध झालेल्या रुग्णनोंदींचे आढावे पाहिले तर वर्निकेपर्यंत पोहोचलेल्या गर्भवतींपैकी जवळपास निम्म्यांची गर्भधारणा टिकलेली नाही. तान्ह्या बाळाला दूध पाजले की नाही हे न आठवणारी आई ही शिक्षा एका स्वस्त इंजेक्शनाच्या विस्मरणाबद्दल फार मोठी आहे.

‘एवढ्या दुर्मीळ आजारासाठी?’

यावर काही डॉक्टरांचा आक्षेप असतो. उलट्यांच्या शेकडो रुग्णांत एखादीला होणाऱ्या आजारासाठी सर्वांना इंजेक्शन का द्यायचे? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. अनावश्यक इंजेक्शनांची आपल्याकडे वाण नाही. पण प्रत्येक प्रतिबंधक उपायाचा हिशोब खर्च, धोका आणि टळणारे नुकसान या तिन्हींवर होतो. थायमिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. जास्तीचे थायमिन लघवीवाटे निघून जाते. गर्भाला त्याचा अपाय होत असल्याचे आढळलेले नाही. शिरेतून दिल्यावर तीव्र ॲलर्जी क्वचितच होते आणि सावकाश दिल्याने व लक्ष ठेवल्याने तो धोका हाताळता येतो. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात एका तरुण बाईची आयुष्यभराची स्मृती आणि तिचे मूल आहे. शिवाय इथे सरसकट सर्व गर्भवतींना इंजेक्शन द्या असे कुणी म्हणत नाही. दोन-तीन आठवडे उलट्या सुरू असलेल्या, वजन घटलेल्या किंवा सलाईनची गरज पडलेल्या बाईपुरताच हा नियम आहे.

दुसरा आक्षेप औषधांच्या भीतीचा, आणि तो घरातून येतो. ‘पोटातल्या बाळाला त्रास होईल, गोळ्या नकोत.’ या भीतीला इतिहास आहे. थॅलिडोमाइड हे औषध गर्भवतींनी मळमळीसाठीही घेतले आणि हजारो बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. 1961 मध्ये ते बाजारातून काढले गेले. पण त्या धक्क्यातून निर्माण झालेल्या संशयाने निर्दोष औषधेही भरडली. डॉक्सिलॅमिन आणि पायरिडॉक्सिन यांची जोडगोळी अमेरिकेत खटल्यांमुळे 1983 मध्ये बाजारातून गेली. दीर्घ अभ्यासांत ती सुरक्षित ठरल्यावर 2013 मध्ये तिथल्या नियामकाने तिला पुन्हा मान्यता दिली. भारतात हे औषध सहज मिळते. उलट्या सुरुवातीलाच आटोक्यात आल्या तर पुढचे रामायण टळते. गर्भवतीने औषध न घेणे हे दरवेळी बाळाच्या हिताचेच असते असे नाही.

तिसरा अडथळा सर्वांत चिवट आहे: बाईच्या तक्रारीवर विश्वास नसणे. विसाव्या शतकाचा बराच काळ तीव्र उलट्या म्हणजे मनाचा खेळ, गर्भ नको असल्याची खूण, असे वैद्यकातही मानले गेले. घरोघरी अजूनही ‘आम्हाला नाही झाले असे काही’ हे वाक्य ऐकू येते. डिसेंबर 2023 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या समजुतीचा पाया बराचसा ढासळला. मार्लेना फेझो आणि केंब्रिजचे स्टीफन ओ’राहिली यांच्यासह अनेक संशोधकांनी दाखवले की गर्भ व वारेतून आईच्या रक्तात येणारे जीडीएफ-15 हे संप्रेरक मेंदूतल्या मळमळीच्या केंद्रावर काम करते. ज्या स्त्रियांच्या शरीराला गरोदरपणापूर्वी या संप्रेरकाची फारशी सवय नसते, त्यांना त्याचा मारा जास्त बसतो. याउलट, थॅलेसेमियासारख्या आजारामुळे ज्यांच्या रक्तात ते आधीपासूनच भरपूर असते, त्यांना मळमळ फार कमी होते. फेझो यांनी स्वतः 1999 मध्ये हा आजार भोगला आणि त्यात त्यांचे बाळ दगावले. आजार रक्तात आहे, बाईच्या स्वभावात नाही, एवढे या संशोधनातून नक्की कळते.

कुणी काय करावे

घरच्यांनी वजनावर लक्ष ठेवावे. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात वजनकाटा असतो. आठवड्याला एकदा वजन करून माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावे. चोवीस तास पाणीही टिकत नसेल, लघवी दिवसात एक-दोनदाच आणि गडद होत असेल किंवा वजन पाच टक्क्यांनी घटले असेल तर चौथ्या महिन्याची वाट पाहू नये. नजरेत काहीही बदल, चालताना झोकांड्या, असंबद्ध बोलणे यांतले एकही लक्षण दिसले तर 108 क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. देवऋषी, दृष्ट काढणे, माहेरी पाठवणे यांत गेलेला प्रत्येक दिवस परत मिळत नाही.

खाणे टिकत असेल तेव्हा काय खावे, यालाही अर्थ आहे. तांदळाच्या कोंड्यात थायमिन असते आणि पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळातून ते निघून जाते. डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमन यांनी 1890 च्या दशकात जावामध्ये कोंबड्यांवर केलेल्या निरीक्षणांतून याचा धागा सापडला आणि त्याबद्दल त्यांना 1929 चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोकणात आणि गोव्यात खाल्ल्या जाणाऱ्या उकड्या तांदळात भात सडण्यापूर्वी उकडल्यामुळे थायमिन आत झिरपते आणि बरेचसे टिकते. उकड्या तांदळाची मीठ घातलेली पातळ पेज अनेक गर्भवतींच्या पोटात टिकते, ती फेकून न देता घोट घोट द्यावी. मुगाचे कढण, भाजलेले शेंगदाणे, तिळाची चटणी, ज्वारी-बाजरीची भाकरी यांतूनही थायमिन मिळते. तांदूळ चार-चार पाण्यांत चोळून धुण्याची सवय मात्र सोडायला हवी. अर्थात, महिनाभर उलट्या झालेल्या बाईचा तुटवडा पेजेने भरून निघणार नाही. तिथे इंजेक्शनच हवे.

प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयांत तीन गोष्टी ठरवून करता येतील. एक, उलट्यांसाठी सलाईन लावण्यात येणाऱ्या गर्भवतीच्या केसपेपरवर थायमिनची नोंद आधी आणि ग्लुकोजची नंतर असावी, आणि तशी नोंद नसेल तर ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी विचारण्याचा अधिकार सिस्टरांना असावा. दोन, रोजच्या तपासणीत दोन प्रश्न विचारावेत, ‘एकाचे दोन दिसतात का?’ आणि ‘चालताना तोल जातो का?’, आणि बोट उजवीकडे-डावीकडे फिरवून तिचे डोळे पाठोपाठ वळतात का ते पाहावे. याला एक मिनिट लागते आणि कोणतेही यंत्र लागत नाही. तीन, थायमिनच्या कुप्या औषधसाठ्यात आहेत की नाहीत याची खात्री रुग्ण येण्याआधी करून ठेवावी. दर महिन्याच्या 9 तारखेला होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत तीव्र उलट्यांच्या गर्भवतींची वेगळी यादी करता येईल. जुळे किंवा द्राक्षगर्भ यांमुळेही उलट्या वाढतात, त्यामुळे त्यांची सोनोग्राफी लवकर व्हायला हवी.

नेत्रतज्ज्ञ आणि चष्मे देणारे यांचाही यात वाटा आहे. दोन दिसतात म्हणून एखादी तरुण बाई आली तर तिला दिवस गेलेत का आणि उलट्या किती दिवस आहेत, हे विचारायला हवे. चष्म्याचा नंबर काढून तिला घरी पाठवणे म्हणजे इशारा हातात येऊन निसटू देणे.

मातामृत्यूंची चर्चा होते तेव्हा रक्तस्राव, रक्तदाब, जंतुसंसर्ग ही नावे पुढे येतात आणि ते योग्यही आहे. उलट्यांचा आजार त्या यादीत खूप खाली राहतो. पण यातून वाचलेली पण स्मरणशक्ती गमावलेली बाई कोणत्याच यादीत मोजली जात नाही. ती घरी असते, तिला ‘बाळंतपणानंतर डोक्यावर परिणाम झाला’ असे म्हटले जाते आणि विषय संपतो. हे टाळण्यासाठी नवी यंत्रे नकोत, नवी योजनाही नको. साखरेआधी थायमिन एवढा क्रम पाळला आणि बाईने ‘मला दोन दिसतात’ म्हटल्यावर तिच्यावर विश्वास ठेवला, तरी यातल्या बऱ्याच जणी वाचतील.